कुंडी घरात आणताना आधी उजेड मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की रोपवाटिकांत गर्दी होते. त्याच सुमारास ‘ही पाच झाडं लावा, घरातली हवा शुद्ध होईल’, ‘रात्रीसुद्धा ऑक्सिजन देणारी झाडं’ असे मजकूर पुरवण्यांत, व्हॉट्सअॅपवर आणि कुंड्यांना अडकवलेल्या चिठ्ठ्यांवरही दिसू लागतात. घरात आणि कचेरीत झाडं यावीत असं आम्हाला मनापासून वाटतं. माती, कुंड्या आणि रोपं यांच्याशी आमचा रोजचा संबंध आहे, आणि म्हणूनच हे लिहावंसं वाटलं. भलत्या कारणासाठी आणलेलं झाड भलत्याच जागी ठेवलं जातं, दोन-तीन महिन्यांत मान टाकतं, आणि मग ‘आमच्या हाताला गुणच नाही’ म्हणत माणसं झाडांचा नाद कायमचा सोडतात. दोष हाताचा नसतो, जागेचा असतो.

हवा शुद्ध करण्याच्या दाव्याचं मूळ नासाच्या 1989 सालच्या अहवालात आहे. बी. सी. वुल्व्हर्टन यांनी हवाबंद पेट्यांत रोपं ठेवली आणि बेन्झीन, फॉर्मल्डिहाइड, ट्रायक्लोरोएथिलीन या अपायकारक वायूंचं प्रमाण किती उतरतं ते मोजलं. ते उतरलं, हे खरं. त्यात मुळांशी असलेल्या मातीचा आणि तिच्यातल्या सूक्ष्मजीवांचा वाटा मोठा होता, हेही त्याच अहवालात आहे. पण तो विचार अंतराळयानासारख्या बंदिस्त जागेचा होता. आपल्या घरात दाराच्या फटींतून, खिडक्यांतून, स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्टमधून हवा सारखी बदलत असते. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाचे ब्रायन कमिंग्ज आणि मायकेल वॉरिंग यांनी 2019 साली असे जुने प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला. हवा खेळती असल्यामुळे हे वायू जेवढे आपसूक बाहेर जातात, तेवढे झाडांनी काढून टाकायचे तर दर चौरस मीटर जागेला 10 ते 1000 झाडं लागतील, असं त्यातून निघालं. 500 चौरस फुटांचं घर म्हणजे साधारण 46 चौरस मीटर. सगळ्यात कमी आकडा धरला तरी 460 कुंड्या झाल्या. नवीन फर्निचरचा किंवा रंगाचा वास जायला हवा असेल तर समोरासमोरच्या दोन खिडक्या अर्धा तास उघडा. तो उपाय फुकट आहे आणि लागूही पडतो.

ऑक्सिजनचंही तेच. स्नेक प्लांट आणि कोरफड ही कोरड्या मुलखातली झाडं. दिवसा पानांची छिद्रं उघडली तर आतलं पाणी उडून जाईल, म्हणून ती रात्री छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि साठवून ठेवतात. ‘रात्री ऑक्सिजन देतात’ ही समजूत यातूनच आली. प्रत्यक्षात ऑक्सिजन तयार होतो तो दिवसा, उजेडातच. शिवाय माणसाला दिवसाला साधारण 550 लिटर ऑक्सिजन लागतो. त्यापुढे पलंगाशेजारच्या एका कुंडीचा हिशेब लागतच नाही. उलट बाजूची भीतीही तेवढीच निराधार आहे. ‘झोपायच्या खोलीत झाड नको, रात्री कार्बन डायऑक्साइड सोडतं’ असं घरोघरी ऐकू येतं. एक माणूस दिवसाला जवळजवळ 1 किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. शेजारी झोपलेल्या माणसाची भीती वाटत नसेल तर कुंडीची वाटायचं काहीच कारण नाही.

मग झाडं लावायची कशाला? डोळ्यांसाठी आणि मनासाठी. हा फायदा हवेच्या फायद्यापेक्षा हलका समजला जातो, पण पुरावा याच बाजूला जास्त भक्कम आहे. रॉजर उल्रिच यांनी 1984 साली पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या, पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले, आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. ती झाडं खिडकीबाहेरची होती, कुंडीतली नव्हेत, हे लक्षात ठेवूनच हा दाखला द्यायला हवा. कुंडीतल्या झाडांबद्दल 2014 साली ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या मोठ्या कचेऱ्यांत अभ्यास झाला. ओक्याबोक्या कचेरीत झाडं आणल्यावर लोकांचं समाधान वाढलं, लक्ष नीट लागू लागलं आणि काम 15 टक्क्यांनी वाढल्याची नोंद झाली. 2015 साली कोरिया-जपानमधल्या संशोधकांनी 24 तरुणांना एकदा रोपाची कुंडी बदलायला लावली आणि एकदा संगणकावर काम करायला लावलं. कुंडी बदलल्यानंतर त्यांचा खालचा रक्तदाब कमी भरला आणि मनाला निवांत वाटलं. 24 म्हणजे थोडेच, पण आमच्या लेखी या प्रयोगातला मुद्दा महत्त्वाचा आहे. झाड नुसतं बघण्यात नाही, त्याच्या मातीत हात घालण्यातही लाभ आहे. तेव्हा स्वतः सांभाळता येईल असं एकच झाड आणा, आणि ते जगवा.

जगवण्याची सुरुवात उजेडापासून होते. ‘आमच्या हॉलमध्ये भरपूर उजेड आहे’ असं प्रत्येकाला वाटतं, कारण आपला डोळा कमी उजेडाशी पटकन जुळवून घेतो. झाडाला ती सोय नाही. उजेड लक्स या एककात मोजतात. दुपारच्या उन्हात 1 लाख लक्सच्या आसपास उजेड असतो, आणि आपल्याला लख्ख वाटणाऱ्या कचेरीच्या टेबलावर 300 ते 500. मोजायला मोबाइलवर लक्स मीटरचं अॅप मिळतं. ते नको असेल तर दुपारी 12 च्या सुमारास, जिथे कुंडी ठेवायची तिथे पांढरा कागद ठेवा आणि त्याच्या फूटभर वर हात धरा. बोटं वेगवेगळी दिसतील अशी ठळक सावली पडली तर अरेका पाम, रबर प्लांट, क्रोटन चालतील. हात ओळखू येतो पण कडा पुसट आहेत, तर मनी प्लांट, स्पायडर प्लांट, पीस लिली, अॅग्लोनेमा. सावली नुसती ढगासारखी असेल तर झेडझेड आणि स्नेक प्लांट. आणि सावलीच पडत नसेल तर तिथे कोणतंही झाड ठेवू नका, किंवा वर दीड फुटावर साधा पांढरा एलईडी लावून तो रोज 10 ते 12 तास चालू ठेवा. न्हाणीघरातला अंधारा कोपरा आणि लिफ्टसमोरची जागा यांत ‘सावलीत चालणारं’ म्हणून विकलेलं स्नेक प्लांटसुद्धा वाढत नाही. जाड पानांतल्या आणि खोडातल्या साठ्यावर ते सहा-आठ महिने तग धरतं एवढंच, आणि तेवढ्यावर आपण समजतो की त्याला मानवलं.

तुळशीचं एक सांगायलाच हवं. फ्लॅटमध्ये तुळस टिकत नाही म्हणून कितीतरी घरांत हळहळ असते, काहींना तर तो अपशकुन वाटतो. तुळशीला रोज निदान चार-पाच तास ऊन लागतं. वृंदावन अंगणात असतं, देवघरात नसतं. ऊन येणारी गॅलरी किंवा ग्रिल असेल तरच ती लावा, आणि मंजिऱ्या खुडत राहा. बी धरलं की झाड वाळायला लागतं.

आता माती. रोपवाटिकेतून येणारं रोप बहुतेक वेळा काळ्या पिशवीत, लाल चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात असतं. आंध्रातल्या कडियमहून ट्रक भरून येणाऱ्या रोपांत तर हे हमखास. वाहतुकीत मुळं हलू नयेत म्हणून तो गोळा सोयीचा आहे, घरात मात्र तोच घात करतो. एकदा कडक वाळला की वरून घातलेलं पाणी गोळ्याच्या कडेकडेने खाली उतरतं आणि ताटलीत जमा होतं. आपल्याला वाटतं पाणी पोचलं, आणि आतलं मूळ तहानलेलंच असतं. म्हणून रोप आणल्यावर आठ-दहा दिवस त्याला नव्या जागेत रुळू द्या. मग पिशवी कापून गोळा बादलीत अर्धा तास भिजवा, बाहेरचा एक तृतीयांश भाग बोटांनी हलकेच सोडवा, आणि नव्या कुंडीत लावा. ही कुंडी गोळ्यापेक्षा दोन इंचच मोठी असावी. ‘वाढायला जागा’ म्हणून दुप्पट मोठी घेतली तर मुळं न पोचलेली माती आठवडाभर ओली राहते आणि आंबते.

आठ इंची कुंडीला साधारण 5 लिटर मिश्रण लागतं. 2 लिटर बागेतली माती, 1 लिटर धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), 1 लिटर गांडूळखत, 1 लिटर जाड वाळू किंवा पर्लाइट (हलके पांढरे खनिज दाणे). कोकोपीटच्या विटेत खार असतो; ती फुगवून दोनदा पाण्यात खळबळून पिळून घ्या. स्नेक प्लांट आणि झेडझेडला कोकोपीट वगळा आणि वाळू किंवा मातीच्या विटेचे तुकडे निम्म्यापर्यंत वाढवा. मूठभर नीमपेंड चालते, पण तिचा वास बंद खोलीत आठवडाभर राहतो आणि मातीवर पांढरी बुरशी दिसते; तोवर कुंडी गॅलरीत ठेवलेली बरी. तळाशी खडे भरायची जुनी सवय मात्र सोडा. पाणी बारीक मातीतून खड्यांत सहजी उतरत नाही, ते वरच अडून राहतं, आणि ओलीचा थर मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर खापरीचा एक तुकडा किंवा जाळीचा चौकोन पुरे. भोक नसलेल्या शोभेच्या कुंडीत थेट रोप लावू नका. रोप प्लास्टिकच्या कुंडीत लावून ती शोभेच्या कुंडीत ठेवा.

पाण्याबद्दल सगळ्यात जास्त बोलावं लागतं, कारण घरातली बहुतेक झाडं तहानेने मरत नाहीत, पाण्यानेच मरतात. मुळांना श्वासासाठी हवा लागते. मातीतल्या पोकळ्या सारख्या पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, तपकिरी-लिबलिबीत होतात आणि पाणी ओढणं थांबवतात. वर पानं मलूल दिसतात. ती बघून माणूस आणखी पाणी घालतो, आणि तिथेच झाड संपतं. कोमेजलेलं झाड दिसलं की आधी मातीत बोट दोन इंच घाला. माती कोरडी असेल तर तहान आहे. ओली असेल, खालची पानं पिवळी-मऊ असतील आणि कुंडीला कुबट वास येत असेल, तर मुळं कुजत आहेत. अशा वेळी रोप उपटून मुळं धुवा, मऊ मुळं स्वच्छ कात्रीने कापा, रोप दिवसभर सावलीत कागदावर ठेवा आणि नव्या कोरडसर मिश्रणात लावून चार दिवस पाणी देऊ नका. निम्मी मुळं पांढरी-टणक असतील तर बहुधा वाचतं.

रोज कपभर पाणी घालणं ही दुसरी चूक. त्याने वरचा इंचभर थर चिकट राहतो आणि खालची मुळं कोरडी. पाणी द्यायचं तेव्हा भोकातून बाहेर येईपर्यंत द्यायचं, अर्ध्या तासाने ताटली ओतून टाकायची, आणि पुढचं पाणी माती दोन इंच सुकल्यावरच. मनी प्लांटला उन्हाळ्यात हे चार-पाच दिवसांनी येतं, जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत आठ-दहा दिवसांनी. स्नेक प्लांट आणि झेडझेडला पावसाळ्यात तीन आठवडे पाणी नसलं तरी चालतं. तिथे अख्खी कुंडी सुकू द्यावी. तारखेवर जाऊ नका, बोटावर जा.

पाणी कोणतं, यालाही महत्त्व आहे. शहरांच्या कडेला बोअरवेलचं जड पाणी असतं. त्यातला क्षार मातीवर पांढऱ्या पापुद्र्यासारखा साचतो आणि पानांची टोकं तपकिरी होतात, अरेका आणि स्पायडर प्लांटची आधी. दोन-तीन महिन्यांतून एकदा कुंडी मोरीत ठेवून तिच्या तिप्पट पाणी सावकाश वाहून जाऊ द्या, म्हणजे क्षार धुऊन निघतो. आरओ यंत्राचं वाया जाणारं पाणी झाडांना घालून आपण बचत करतोय असं वाटतं, पण त्यात मूळ पाण्यातले क्षार आणखी दाट झालेले असतात. ते लादी पुसायला वापरा. एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्यात मात्र क्षार जवळजवळ नसतो, ते चालतं. त्यात पोषणही नसतं, तेव्हा दोन महिन्यांनी मूठभर गांडूळखत द्यावं. चहाचा चोथा तसाच टाकू नये. त्यातल्या साखर-दुधाने मुंग्या येतात आणि बुरशी धरते. धुऊन, कंपोस्टच्या डब्यातून गेलेला चोथा उत्तम. पानांना चमक यावी म्हणून खोबरेल तेल किंवा दूध लावणंही नको. धूळ त्याला चिकटते आणि छिद्रं बुजतात. ओल्या फडक्याने, पानाला खालून तळहाताचा आधार देऊन, आठवड्यातून एकदा पुसलं की पुरतं. बांधकाम चालू असलेल्या वस्तीत हे चुकवू नका. धुळीचा थर बसलेलं पान अर्ध्या उजेडावर जगत असतं.

मनी प्लांट, पीस लिली, झेडझेड, अॅग्लोनेमा, डायफेनबेकिया, मॉन्स्टेरा ही सगळी आपल्या अळूच्या आणि सुरणाच्या कुळातली. अळू नीट शिजलं नाही की घसा खवखवतो, तो पानांतल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. म्हणून तर फदफद्यात चिंच किंवा आमसूल पडतं. तेच स्फटिक या शोभेच्या झाडांतही आहेत. रांगत्या बाळाने किंवा मांजराने डायफेनबेकियाचं पान चावलं तर तोंड सुजतं, लाळ गळते. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर ही झाडं उंचावर ठेवा, छाटताना हातमोजे घाला, चीक डोळ्यांना लागू देऊ नका. जमिनीवर ठेवायला अरेका आणि स्पायडर प्लांट निर्धास्त. स्पायडर प्लांट तर पावसाळ्यात बाजारात मिळणाऱ्या फोडशीच्या भाजीचा जवळचा नातलग. त्यांच्याच प्रजातीतल्या सफेद मुसळीच्या शास्त्रीय नावात, क्लोरोफायटम बोरिव्हिलिअनममध्ये, आपलं बोरिवली आहे.

बाटलीतला मनी प्लांट आणि काचेच्या भांड्यातला ‘लकी बांबू’ यांच्याबद्दल कळकळीने सांगायचं आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्याच्या भांड्यांत अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात पालिकेची पथकं घरात आली की नुसती टाकी पाहत नाहीत, या बाटल्या आणि कुंडीखालच्या ताटल्याही पाहतात, ते यासाठी. नुसतं पाणी बदलून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर काचेला चिकटलेली असतात आणि महिनोन् महिने कोरडी राहूनही पुन्हा पाणी मिळताच फुटतात. दर आठवड्याला ठरलेल्या वारी बाटली रिकामी करा, आतून ब्रशने घासा, मुळं वाहत्या पाण्याखाली धुवा, तोंडाला कापूस किंवा जाळी लावा. जमणार नसेल तर तोच वेल मातीत लावा, तिथे तो जास्त जोमाने वाढतो.

किडींचं थोडक्यात. पानाच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून ते पुसून काढा, मग 1 लिटर पाण्यात 5 मिली नीम तेल आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब घालून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा. हे दर सात दिवसांनी तीनदा करावं लागतं, कारण अंडी एका फवाऱ्याने मरत नाहीत. मातीवर घोंघावणाऱ्या बारीक काळ्या माश्या दिसल्या तर औषध नको, पाणी कमी करा.

कचेऱ्यांत झाडं मरण्याचं कारण वेगळं असतं. तिथे झाड कोणाचंच नसतं. सकाळी साफसफाई करणारे पाणी घालतात, दुपारी एखादी हौशी व्यक्ती घालते, संध्याकाळी कोणीतरी कपातला उरलेला चहा ओततं. शुक्रवारी एसी आणि दिवे बंद होतात, आणि बिनखिडकीच्या जागेत झाड सोमवारपर्यंत काळोखात राहतं. मग ठेकेदार दर पंधरवड्याला मलूल कुंड्या नेतो आणि टवटवीत आणून ठेवतो. झाडं हिरवी दिसतात, पण कोणाचाही त्यांच्याशी संबंध उरत नाही, आणि वर सांगितलेला लाभ निम्मा वाया जातो. दर दहा कुंड्यांमागे एक माणूस नेमावा, तोही हौसेने पुढे आलेला, आणि त्या कामाची वीस मिनिटं कामाच्या वेळेतच धरावीत. प्रत्येक कुंडीत शेवटच्या पाण्याची तारीख लिहिलेली पट्टी खोचावी. एसीच्या थेट झोतात झाड ठेवू नये. पानांची टोकं तिथेच आधी करपतात. आणि सगळ्या कुंड्या स्वागतकक्षात पाहुण्यांसाठी मांडू नयेत. ज्यांची नजर आठ तास पडद्याला खिळलेली असते, त्यांना मान वर केली की दिसेल अशा जागी दोन तरी ठेवाव्यात.

रोपवाटिकांना आमची एक विनंती आहे. ‘हवा शुद्ध करणारं’ ही चिठ्ठी काढून तिच्या जागी चार गोष्टी लिहा: खिडकीपासून किती फुटांपर्यंत चालेल, पाण्याआधी माती किती सुकू द्यायची, पान किंवा चीक अपायकारक आहे का, आणि पिशवीतला गोळा कधी सोडवायचा. आणि आपण पुरवणीत घरातल्या झाडांची यादी छापाल तेव्हा प्रत्येक नावापुढे ‘किती उजेड’ हा एक रकाना जरूर द्यावा.

आपले,
कुंडीतल्या झाडांची देखभाल करणारे काही वाचक, पुणे